बस्त्याला आलेल्यांचं रक्त

भाऊ,

आपलं कापडाचं दुकान होतं तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. त्याआधी काही वर्षं बेकरी होती. नारायणगावच्या पेठेतून जाताना मी तिकडे बघते आणि पुढे जाते. लाकडी फळ्या काढून शटर बसवलं तेव्हा तुम्ही होतात. काचेचं दार बसवलं तेव्हा नव्हतात. आत आता गाद्या नाहीत, खुर्च्याही नाहीत, सगळा व्यवहार उभ्यानं होतो. उभ्यानं माणूस काय विकत घेणार, असं तुम्ही म्हणाला असता.

परवा पुण्याला गेले होते. डॉक्टरांनी माझ्या छातीचे जुने आणि नवे फोटो उजेडावर शेजारी शेजारी लावले. त्यांना शब्द सापडत नव्हते. मी इतकी वर्षं मुलांना मराठी शिकवते, मला सापडत होते, पण मी त्यांना मदत केली नाही. शेवटी ते म्हणाले, खालचे दोन्ही भाग आता उपयोगाचे राहिलेले नाहीत आणि डावीकडून ते वर सरकतं आहे. मी बरं म्हटलं. खोलीतून बाहेर आले तेव्हा सवयीनं बाकाकडे पाहिलं. पूर्वी त्या बाकावर तुम्ही असायचात, मांडीवर थर्माकोलचा डबा घेऊन. मी बाहेर आले की उठायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायचात. परवा तिथं एक माणूस डबा उघडून पोळीभाजी खात होता. मला जे सांगायचं होतं ते तिथं सांगता आलं नाही म्हणून हे लिहिते आहे.

मला आठवतं तेव्हापासून मी खोकते आहे. कान वाहायचा, तो थांबला की नाक, नाक थांबलं की छाती. पावसाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा न्यूमोनिया ठरलेला. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नसे, आणि मला त्याचं वाईट वाटायचं त्यापेक्षा ऐसपैस बसायला मिळतं याचं बरं जास्त वाटायचं. गावातल्या डॉक्टरांनी टीबी सांगितला. मंचरच्या डॉक्टरांनीही टीबीच सांगितला. गोळ्या सुरू झाल्या की लघवी लाल व्हायची आणि बाई घाबरायची. आईला मी बाई म्हणायचे, कारण तुमच्या आईलाही तुम्ही बाईच म्हणत होतात; आणि वडील असून तुम्ही भाऊ. कोर्स पूर्ण झाला, काही महिने बरे गेले, मग पुन्हा ताप, पुन्हा फोटो, पुन्हा त्याच गोळ्या. गिऱ्हाइकांना तुम्ही टीबी हा शब्द कधी सांगितला नाहीत. "छातीत उष्णता आहे तिच्या," असं म्हणायचात आणि लगेच ठाण उलगडायचात. ठाण उलगडलं की माणसं कापडाकडे बघतात, हे तुम्हाला माहीत होतं.

बारावी झाल्यावर पुण्याच्या एका तरुण डॉक्टरांनी कुणी कधी केली नव्हती ती रक्ताची तपासणी करायला सांगितली. नमुना मुंबईला गेला. उत्तर आलं त्या दिवशी आपण तिघं त्यांच्यासमोर बसलो होतो. टीबी नव्हता. कदाचित कधीच नव्हता. आजाराशी लढणारा म्हणून रक्तात जो भाग असतो, तो माझ्या रक्तात तयारच होत नाही, असं ते म्हणाले. तो बाहेरून द्यावा लागेल. शिरेतून, सावकाश. शरीर तो वापरून टाकतं, म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा.

"किती दिवस?" तुम्ही विचारलंत.

"जन्मभर."

"लग्नानंतरही?"

"जन्मभर म्हणजे लग्नानंतरही, काका."

मग तुम्ही, कापडाचा पोत विचारावा तसं, विचारलंत, "हे होतं कशापासून?"

"माणसांच्या रक्तापासून. पुष्कळ निरोगी माणसांचं रक्त एकत्र करतात. त्यातलं वरचं पिवळट पाणी वेगळं काढतात आणि त्यातून तेवढाच भाग घेतात."

बाई खुर्चीत पुढे सरकली. ती म्हणाली, "ती माणसं काय खातात?"

डॉक्टर हसले नाहीत. ते मला सांगता येणार नाही, असं म्हणाले. त्यानंतर त्यांनी अजून एक वाक्य सांगितलं. हे औषध पुढची दुखणी अडवेल, पण फुप्फुसांचं जे झालं आहे ते परत येणार नाही. हे वाक्य तुम्ही ऐकलंत, मीही ऐकलं. घरी आल्यावर तुम्ही पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, जैन स्थानकातल्या महाराजसाहेबांना सगळं सांगितलंत, ते एक वाक्य सोडून. परतताना एसटी राजगुरुनगरला थांबली. तेव्हा बाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जीव वाचतोय तर घेऊ. क्षमा नंतर मागू." तिनं ती मागितलीही. दर संवत्सरीला सगळ्या घरांना मिच्छामि दुक्कडम् म्हणून झालं की ती माझ्या खोलीत यायची, फडताळात ठेवलेल्या औषधाच्या रिकाम्या बाटलीसमोर हात जोडायची आणि म्हणायची, ज्यांचं ज्यांचं असेल त्यांना.

सुरुवातीला आपण दर महिन्याला पुण्याला जायचो. मग नारायणगावच्या डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यात लावायची तयारी दाखवली, आणि बाटली आणायचं काम तुमच्याकडे आलं. बाटली गार ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. हलवायची नाही, हलवली की फेस होतो. म्हणून तुम्ही डबा कधी खाली ठेवला नाहीत. खेडचा घाट आला की डबा मांडीवरून उचलून हातांवर तोलून धरायचात, म्हणजे गाडीचे धक्के तुमच्या अंगात जातील, बाटलीत नाही. हे मी एकदाच पाहिलं, बरोबर होते तेव्हा. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय राव, अंडी हायेत का?" तुम्ही म्हणालात, "आपल्यात अंडी नसतात." तो म्हणाला, "मग एवढं जपताय ते?" तुम्ही म्हणालात, "औषध आहे." आणि तोंड फिरवलंत. बाटली लागली की तुम्ही स्टुलावर बसून थेंब बघायचात. थेंब जोरात सुटला तर मला हुडहुडी भरायची, दात वाजायचे. तुम्ही नर्सला सांगायचात, हळू करा, घाई नाही. दुकान उघडं ठेवून तुम्ही कधी कुठे बसला नव्हतात. तिथं बसायचात.

लग्नसराईच्या आधी आपल्याकडे बस्ते बांधायला माणसं यायची. आता मुलांना बस्ता काय ते सांगावं लागतं. लग्नाचं सगळं कापड एकाच दुकानातून, एकाच बैठकीत घ्यायचं. नवरीचा शालू, नवरदेवाचा सफारी, मानाची पातळं, मामा-मावशांचे आहेर, टॉवेल-टोप्या, आणि शेवटी मोठ्या चादरीत सगळं बांधून वर नारळ. पिंपळवंडी, पिंपरी पेंढारकडून ट्रॅक्टर-ट्रॉली भरून माणसं यायची, सकाळी गादीवर बसायची ती दुपारचं जेवण आपल्याकडेच करून संध्याकाळी उठायची. मी आत घड्या घालत बसायचे. मामीचं पातळ हलकं निघालं म्हणून एकदा लग्न मोडायला आलं होतं. तुम्ही तसलंच पातळ बाईच्या अंगावर आहे असं सांगितलंत आणि बाईला बाहेर बोलावलंत. ते तसलं नव्हतंच, पण ऊन मागून येत होतं, पोत कुणाला दिसला नाही.

अशाच एका बस्त्याला पिंपळवंडीचे तात्या आले होते, त्यांच्या मधल्या मुलाच्या लग्नासाठी. त्यांच्या घरातलं प्रत्येक लग्न आपल्या गादीवरून गेलेलं. मी आत खोकत होते. तात्यांनी विचारलं आणि त्या दिवशी, का कुणास ठाऊक, तुम्ही ठाण उलगडलं नाहीत. सांगितलंत. टीबी नाही, रक्तात एक भाग कमी आहे, माणसांच्या रक्तापासून औषध होतं, ते द्यावं लागतं. मग तात्या म्हणाले, "मंग आमाला सांगायला काय झालं व्हतं शेठ? आमी काय मेलोय का?"

इथं तुमची चूक झाली. तुम्ही एकटेच चुकला नाहीत, आपल्या भागात सगळेच तशी चूक करत. तात्यांच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्तपेढीनं आधी घरातल्या माणसांचं रक्त घेतलं आणि मग बाटली दिली. ज्याच्या घरात बाळंतपण अडलं, अपघात झाला, त्याला हे माहीत होतं. रक्त द्या, रक्त न्या. तुम्ही तर कापडवाले, एका हातानं देऊन दुसऱ्या हातानं घ्यायचं हा तुमचा जन्माचा धंदा. डॉक्टरांना विचारायचं तुम्हाला सुचलं नाही. तुम्ही पुण्याच्या रक्तपेढीला गाडी पाठवायला सांगितलंत, आणि बस्त्याला येणाऱ्या प्रत्येक घराला सांगितलंत, येताना दोन गडी रक्त द्यायला आणा.

त्या दिवशी गाद्यांवरच्या चादरी धुऊन पुन्हा घातल्या होत्या. ज्या गादीवर शालू उलगडायचा त्या गादीवर माणसं बाही वर करून आडवी झाली होती. दारात त्यांच्या चपलांचा ढीग. मी आतल्या दारातून बघत होते.

"शेठ, माझं जपून वापरा बरं का," एक जण पडल्या पडल्या म्हणाला. "आमच्यात रविवार चुकत न्हाई."

"म्हणजे?" तुम्ही विचारलंत.

"म्हंजी पोर उद्या कोंबडीचा रस्सा मागंल."

"रस्सा परवडला," त्याच्या शेजारचा म्हणाला. "तुजं रगत चढलं तर तंबाकू मळत बसंल ती."

हशा झाला. तात्यांच्या बायकोनं दोघांनाही झापलं. "गप ऱ्हावा की. आत बसलीया ती, ऐकतीया." तिलाही द्यायचं होतं. नर्सनं तिचं बोट टोचून बघितलं आणि म्हणाली, मावशी, तुमच्याच अंगात नाही. तिला ते फार लागलं. ती आत आली, माझ्याजवळ बसली, माझा हात तिच्या हातात घेतला. मग म्हणाली, "मालकांचं घेत्यात. त्यांचं ते माजंच समज." तुम्ही देणाऱ्या प्रत्येकाला टॉवेल-टोपी दिलीत. तात्यांनी टोपी घातली आणि टॉवेल खांद्यावर टाकला, लग्नात टाकतात तसा.

गाडीबरोबर आलेले रक्तपेढीचे साहेब चहा पीत होते. तुम्ही त्यांना बाजूला, माझ्या दारापाशी घेऊन आलात आणि विचारलंत, आता हिच्या औषधाचं कसं करायचं. त्यांना कळेना. तुम्ही पुन्हा सांगितलंत. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी कप खाली ठेवला.

"शेठ, तसं होत नाही."

"एवढं सगळं मिळूनसुद्धा?"

"सगळा तालुका आला तरी. त्याला हजारो माणसांचं लागतं, आणि कारखाना लागतो. ते आम्ही करत नाही. तुमची बाटली बाहेरून येते. हे रक्त रक्त म्हणूनच जाईल. ज्याला लागेल त्याला."

तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "चहा गार झाला तुमचा," आणि दुसरा मागवलात. बाहेर गेलात. तात्या कोपरात कापूस धरून बसले होते. त्यांनी विचारलं, "किती दिस पुरंल शेठ आमचं?"

तुम्ही म्हणालात, "पुरेल तात्या."

मी ते ऐकलं, हे तुम्हाला माहीत होतं. आपण त्याबद्दल बोललो नाही. पुढच्या वर्षी गाडी पुन्हा आली, त्याच्या पुढच्या वर्षीही. ती आपल्या दुकानाची रीतच झाली. बस्त्याला यायचं म्हणजे रक्त द्यायचं. पेठेत कुणी भेटलं की मला थांबवायचं, बाहीवर हात मारून म्हणायचं, "आमचं हाय तुज्यात." बाया माझ्या तब्येतीवर हक्कानं बोलायच्या. बारीक झालीस, काय करतीस आमच्या रक्ताचं? पुण्याला एमएला होते तेव्हा सुट्टीत आले की कुणीतरी शेंगा, कुणीतरी गूळ घरी आणून द्यायचं. परक्याच्या घरी देत नाहीत तसं, न विचारता, ओट्यावर ठेवून. एकदा मी तुम्हाला विचारलं, सांगत का नाही त्यांना? तुम्ही पट्टीनं कापड मोजत होतात. म्हणालात, "द्यायला आले होते. परत कसं पाठवायचं?" आणि मोजणं चुकलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलंत.

तुम्ही मला रागावलात असं एकदाच झालं. त्या हिवाळ्यात बाटल्या वेळेवर लागूनही मला पुन्हा न्यूमोनिया झाला होता. दुखण्यातून उठल्यावर मी म्हटलं, आता आणू नका. काही उपयोग नाही. मी जेवत होते, बाई पोळ्या करत होती. तुम्ही ताटावरून उठलात. जेवता जेवता तुम्ही उठलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, अन्न टाकणं तुम्हाला पाप वाटायचं.

"तुला नको?" तुम्ही म्हणालात. "ठीक आहे. उद्या पिंपळवंडीला जा आणि त्यांना सांगून ये. मला नको तुमचं, म्हणून सांग."

"ते त्यांचं नाहीये," मी म्हटलं.

"कुणाचं तरी आहे."

बाईनं तव्यावरची पोळी तशीच राहू दिली. तुम्ही हात धुऊन बाहेर गेलात. पुढच्या गुरुवारी बाटली आणलीत, मी हात पुढे केला. त्या एका गोष्टीत आपण दोघंही खोटं खरं मानून वागलो, आणि ते खोटं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. मला अजून कळत नाही, तुम्ही ते माझ्यासाठी वापरलंत की तुमचाही हळूहळू त्यावर विश्वास बसला होता.

चांगले दिवस आले नाहीत असं नाही. तीन पावसाळे न्यूमोनिया झाला नाही. मी जुन्नरच्या कॉलेजात शिकवायला लागले. एका सकाळी आपण लेण्याद्रीला गेलो, कारण एका गिऱ्हाइकाच्या घरचं जेवण तिथं होतं. शाळेच्या सहलीत मी तिथं अर्ध्या पायऱ्यांवर बसून राहिले होते आणि वर्गशिक्षिकेनं माझ्या राखणीला एक मुलगी ठेवली होती, ती सगळा वेळ रडत होती. या वेळी मी वरपर्यंत गेले. थांबत थांबत, पण गेले. तुम्ही माझ्या मागून चढत होतात, माकडांना काठीनं हुसकत. वर पोचल्यावर तुम्ही कुणाच्याही पाया पडला नाहीत, नुसते कठड्याला टेकून खाली बघत राहिलात. म्हणालात, "बघ, आलीस की." तुमच्या आवाजात मी पूर्वी न ऐकलेलं काहीतरी होतं. डॉक्टरांचं फुप्फुसांबद्दलचं ते वाक्य तुम्ही त्या दिवशी खरोखरच विसरलात असं मला वाटतं. मला ते आठवत होतं. खाली कुकडीचं पाणी दिसत होतं आणि मला एवढंच कळत होतं की ही छाती यापेक्षा चांगली कधी होणार नाही, आणि आजपासून उतार आहे. मी ते बोलले नाही. तुम्ही इतके खूश होतात.

कपाटाच्या वरच्या कप्प्यात तुम्ही एक शालू ठेवला होता, डाळिंबी रंगाचा. तो तुम्ही कुणाला दाखवत नव्हतात; घरच्या लग्नाचा आहे, म्हणायचात. एका लग्नसराईत पिंपरी पेंढारच्या एका नवरीला एकही शालू पसंत पडेना. तुम्ही स्टुलावर चढलात, तो काढलात आणि तिच्यासमोर उलगडलात. तिला तो लगेच आवडला. घडी मीच घालून दिली. आपण एकमेकांकडे पाहिलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी वर्गात होते. निरोप आला, रिक्षा करून आले, तोवर तुम्हाला गादीवर आडवं ठेवलं होतं. लोक म्हणाले, ठाण काढायला हात वर केला आणि तसेच बसले. त्रास झाला नाही, असंही म्हणाले. सगळेच म्हणतात. त्या वर्षी बस्ते दुसरीकडे गेले. पुढे बाईनं दुकान देऊन टाकलं, रक्ताची गाडी थांबली, आणि आणणारं कुणी नसल्यानं माझ्या बाटल्यांमधलं अंतर वाढत गेलं.

त्यानंतरच्या वर्षी, लग्नसराईच्या तोंडावर, तात्या घरी आले. म्हातारे झाले होते. पायाला सूज होती, डोळ्यांखालची कातडी पांढरी पडली होती, आणि साखरेचा त्रास सुरू झालाय असं त्यांनीच सांगितलं. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "शेठ गेले. गाडी बंद झाली. मी म्हनलं, आता पोरीचं कसं व्हायचं? नातू म्हणतोय मंचरला घेत्यात. उद्या जाऊन देऊन येतो, फकस्त तुजं नाव कुठं घालायचं ते सांग." तो पांढरा पडलेला माणूस माझ्यासाठी टेबलावर आडवं व्हायला निघाला होता. म्हणून मी सांगितलं.

"तात्या, तुमचं रक्त माझ्या औषधात नव्हतं."

त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मी साहेब म्हणाले होते तेच सांगितलं. हजारो माणसं, कारखाना, बाहेरून येणारी बाटली. ते ऐकत राहिले.

"मंग आमचं कुठं गेलं?"

"दवाखान्यात. ज्याला लागलं त्याला दिलं असेल. एखाद्या बाळंतिणीला."

"कुणाला तरी."

"हो."

"शेठला ठावं व्हतं?"

मी हो म्हटलं.

"कवापास्नं?"

"पहिल्यापासून."

तात्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं रागावतील. त्यांनी रागावायला हवं होतं. ते म्हणाले, "वाईट काम न्हाई झालं. कुणाचा तरी जीव वाचला आसंल." हे ते माझी समजूत काढायला म्हणाले, स्वतःला पटलं म्हणून नाही. मग टोपी घातली आणि उठले. दारातून म्हणाले, "म्हातारीला नगा सांगू. ती अजून तुमच्या नावानं देवापुढं तेल घालती."

मला ते 'तुमच्या नावानं' असं म्हणाले. ओट्यावर बसले तेव्हा त्यांनी मला 'पोर' आणि 'तुजं' म्हटलं होतं. काही महिन्यांनी बाजारात दिसले तेव्हा त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "बरं हाय ना, मॅडम?" मी म्हटलं, बरं आहे. इतर गावांतल्यांनाही हळूहळू कळलं असावं. बाहीवर कुणी हात मारत नाही. ओट्यावर गूळ येत नाही. यात कुणाचा राग आहे असं मला वाटत नाही. नातं एका कारणावर उभं होतं, ते कारण मी काढून घेतलं. तुम्ही असता तर पुन्हा गाडी बोलावली असती, तात्यांना कसंतरी समजावून नुसता चहा पाजला असता, आणि ते हसत घरी गेले असते. मला ते जमलं नाही. मला वाटतं तुम्ही तेच जपत होतात, रक्त नाही. मी ते तुमच्याकडून शिकले नाही.

बाटली अजून लागते. जमेल तेव्हा. औषध आपलं काम करतं, ते नसतं तर मी केव्हाच संपले असते. पण ते पुढचंच अडवतं, आणि माझं जे व्हायचं ते मागेच झालं होतं, लाल गोळ्यांच्या त्या वर्षांत, जेव्हा सगळेच चुकत होते आणि कुणाचाच काही दोष नव्हता. परवा डॉक्टर म्हणाले, घरी ऑक्सिजनचं यंत्र ठेवा. आपल्याकडे दिवसाचा किती वेळ वीज नसते, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बाईला मी डॉक्टरांनी औषध चालू ठेवायला सांगितलंय एवढंच सांगितलं. तीही तुमच्यासारखी, विचारत नाही. ती आता आत झोपली आहे. तिच्या आधी मी जाईन हे तिला ठाऊक आहे की नाही, ते मला कळत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा संपवायचीही घाई नव्हती. तरी संपवते. मध्ये बऱ्याच ठिकाणी मी पेन खाली ठेवलं. कुणी वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं, आठवणीनं हात थांबला असेल. तसं नव्हतं, भाऊ. दम लागला होता.